मुलांना ग्रीस कसा सांगावा?

आपण लिहिले आहे की, आपली मुलगी दहा वर्षांची आणि मुलगा तेरा वर्षांचा आहे. एका इंग्रजी कादंबरीमालिकेमुळे दोघांनाही ग्रीक देवांची नावे पाठ झाली आहेत, पण त्या देवांना मानणारी माणसे कुठे राहत होती, कधी होऊन गेली आणि पुढे त्यांचे काय झाले, हे त्यांना सांगता येत नाही. सुरुवात कुठून करावी, गोष्टींतील हिंसा आणि देवांची प्रकरणे कशी हाताळावीत, पुराण कुठे संपते आणि इतिहास कुठे सुरू होतो हे कसे दाखवावे, आणि हे सारे मराठीतून जमेल का, असे आपले चार प्रश्न आहेत. मी सव्वीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला आणि उन्हाळी सुटीत ग्रंथालयात मुलांचे वाचनवर्ग घेतले. त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे. प्रश्नांचा क्रम मात्र मी थोडा बदलणार आहे.

सर्वांत आधी एक सवय लावावी, कारण बाकीचे सारे तिच्यावर उभे राहते. ग्रीसबद्दल काहीही सांगितले की त्यामागोमाग 'हे कशावरून?' हा प्रश्न घरात निघाला पाहिजे, आणि सुरुवातीला तो आपणच स्वतःला मुलांसमोर विचारला पाहिजे. इ.स.पू. पाचव्या शतकात हेरोडोटस या ग्रीक लेखकाने आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यात स्वतःच्या कामासाठी जो शब्द वापरला, तो 'हिस्टोरिए', म्हणजे चौकशी, विचारपूस; पुढे युरोपातील भाषांमध्ये त्याच शब्दाचा अर्थ इतिहास असा रूढ झाला. हेरोडोटस अनेकदा एकाच घटनेच्या दोन हकिकती देतो, आपल्याला कोणती पटते ते सांगतो, आणि लोक असे म्हणतात पण माझा त्यावर विश्वास नाही, असेही स्पष्ट लिहितो. दहा वर्षांच्या मुलांना हा सूर लगेच ओळखता येतो, कारण वर्गात भांडण झाले की बाई चौकशी अशीच करतात.

सुरुवात इसापपासून करावी, असे मी आग्रहाने सांगते. इसापनीती मराठी घरात आधीपासूनच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या, म्हणजे मराठी मुद्रणाच्या अगदी आरंभापासून हा ग्रीक गोष्टीवाला आपल्यात वावरतो आहे. कोल्ह्याची आणि आंबट द्राक्षांची गोष्ट मुलांना तोंडपाठ असते. ती पुन्हा सांगावी आणि विचारावे, की हा कोल्हा द्राक्षांच्या वेलाखाली का उभा आहे, आंब्याखाली का नाही? या एका प्रश्नातून ग्रीसची जमीन उलगडू लागते. द्राक्षे, अंजीर, ऑलिव्ह, जव, शेळ्यामेंढ्या, कोरडा उन्हाळा आणि पावसाचा हिवाळा, हे सगळे त्या वेलाच्या आसपास आहे. मग नकाशा काढावा. आजचा ग्रीस देश सुमारे 1,32,000 चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान. त्यातला बराचसा भाग डोंगरांचा, आणि समुद्र इतका आत आत शिरलेला, की नकाशावर बोट ठेवून समुद्रापासून खूप लांबचे गाव शोधायला सांगितले तर मुलांची दमछाक होते. डोंगरांनी वेगळे केलेले प्रत्येक खोरे हे एक स्वतंत्र राज्य, त्याचे नाणे वेगळे, पंचांग वेगळे, महिन्यांची नावेसुद्धा वेगळी, आणि एकमेकांकडे जायचे तर होडी बरी, हे नकाशावरून एकदा समजले की अथेन्स आणि स्पार्टा ही दोन वेगळी राज्ये का होती, ते निराळे शिकवावे लागत नाही.

त्याच इसापकडे पुन्हा वळावे, कारण हेरोडोटस सांगतो त्याप्रमाणे तो सामोस बेटावरच्या एका माणसाचा गुलाम होता. मुले इथे हमखास थांबतात. गुलाम म्हणजे विकत घेतलेला माणूस, हे साध्या शब्दांत सांगून टाकावे आणि ते पुढे ढकलू नये. सुंदर देवळे आणि शहाणी माणसे आधी दाखवून गुलामगिरी नंतर केव्हातरी सांगितली, की मोठी झालेली मुले आपण फसवले गेलो असे मानतात, आणि त्यांचे ते मानणे योग्यच असते.

शब्दांचा रस्ताही असाच घरातून निघतो. आपला मुलगा भूमितीत रोज 'केंद्र' हा शब्द वापरतो. तो संस्कृतात आला तो ग्रीक ज्योतिषाबरोबर, आणि मूळ ग्रीक 'केन्ट्रॉन' म्हणजे टोचणारे अणकुचीदार टोक. बैलाला टोचायच्या पराणीलाही तोच शब्द होता. वर्तुळ काढताना कंपासचे टोक कागदात जिथे रुतते ते केंद्र, हे मुलाने हाताने करून पाहिले की शब्द त्याचा होतो. 'दाम' हा शब्द द्रम्म या नाण्यावरून आणि द्रम्म ग्रीक 'द्राख्मे'वरून आला. शिलाहारांच्या लेखांत द्रम्म भेटतात. दिवसाचे जे होरे पंचांगात असतात, तो 'होरा'ही ग्रीकच. बैलाचा विषय निघालाच आहे, तर जुने ग्रीक लेख कसे लिहिले जात तेही दाखवावे : पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, तर दुसरी उजवीकडून डावीकडे, आणि उलट्या ओळीत अक्षरेही उलटी. या पद्धतीच्या ग्रीक नावाचा अर्थच 'बैल वळतो तसे' असा आहे. शेतकरी घरातली मुले हे क्षणात ओळखतात, कारण नांगराची एक रेघ संपली की औत उचलून बैल तिथेच वळवतात, पुन्हा पहिल्या बांधावर कोणी जात नाही. एका मुलाने मला विचारले होते, की मग आपणच दर ओळीला मागे का येतो, आणि त्या दिवशीचा उरलेला तास आम्ही सगळ्यांनी बैलासारखे लिहिण्यात घालवला.

आता भाषेचा प्रश्न. गोष्टी मराठीतूनच सांगाव्यात, आणि मोठ्याने सांगाव्यात, कारण होमर या प्राचीन ग्रीक कवीची काव्येसुद्धा आधी ऐकली जात होती, वाचली जात नव्हती. त्याच्या ओडिसी या काव्यातली, ओडिसिअस हा वीर आणि एकडोळा राक्षस पॉलिफीमस यांची गोष्ट घ्या. गुहेत कोंडलेला ओडिसिअस त्या राक्षसाला आपले नाव 'कोणी नाही' असे सांगतो. रात्री राक्षसाचा डोळा फोडला जातो, शेजारचे राक्षस धावत येऊन बाहेरून विचारतात, 'काय झाले, तुला कोणी मारते आहे का?', आणि तो आतून ओरडतो, 'मला कोणी नाही मारत!' शेजारी निघून जातात. ग्रीकमधली ही शब्दांची गंमत मराठीत जशीच्या तशी उतरते, कारण आपल्या रोजच्या बोलण्यातले वाक्यही नेमके तेच आहे. मुलांच्या लक्षात हे यायला दोन श्वासांचा वेळ लागतो, म्हणून त्या वाक्यानंतर सांगणाऱ्याने गप्प राहावे; कोणीतरी एक मूल आधी हसते आणि मग ते बाकीच्यांना समजावून सांगते. ही गोष्ट संपल्यावर एक विचार करायला देण्यासारखा धागा आहे. देवांचा राजा झ्यूस हा पाहुण्यांचा रक्षणकर्ता मानला जाई, आणि पाहुण्याला आधी जेवू घालायचे, नाव-गाव नंतर विचारायचे, असा त्या काव्यातला शिरस्ता आहे. पॉलिफीमस पाहुण्यांनाच खातो, म्हणून तो राक्षस. पण ओडिसिअसही मालकाच्या परवानगीशिवाय गुहेत शिरून त्याचे चीज खात बसला होता, हे तेरा वर्षांच्या मुलाने शोधून काढावे.

नावांबाबत एक व्यवहारी सूचना. बाजारातल्या पुस्तकांत ग्रीक आणि रोमन नावांची सरमिसळ असते, आणि झ्यूस व ज्युपिटर, ओडिसिअस व युलिसिस ही एकच पात्रे आहेत हे कोणी सांगत नाही. ग्रीसची ओळख करून देताना ग्रीक नावेच ठेवावीत, रोमन नावांची एक चिठ्ठी पुस्तकात घालून ठेवावी, आणि उच्चारांवरून मुलांना अडवू नये.

हिंसेविषयी माझे मत अनुभवाने बदलले आहे. पूर्वी मी गोष्टी सौम्य करून सांगत असे. आता मी गोष्ट बदलत नाही, पण कोणत्या वयाला कोणती गोष्ट सांगायची ते निवडते. आपल्या मुलीला इलियडमधला, म्हणजे होमरच्या ट्रॉयच्या युद्धावरील काव्यातला, ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर निरोप घेतो तो प्रसंग सांगावा : रणांगणावर परत जाण्याआधी तो आपल्या तान्ह्या मुलाला घ्यायला हात पुढे करतो, मूल त्याच्या शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा पाहून घाबरून दाईला बिलगते, आई-बाप दोघेही हसतात, आणि हेक्टर ते चकाकते शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो व मग मुलाला उचलतो. युद्धाबद्दल दहा वर्षांच्या मुलीला जे समजायला हवे ते या प्रसंगात आहे. त्याच हेक्टरचे प्रेत ग्रीक वीर अकिलीस रथामागे फरपटत नेतो, आणि हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम रात्री शत्रूच्या तंबूत जाऊन आपल्या मुलाला मारणाऱ्याच्या हाताचे चुंबन घेतो, हा भाग मुलासाठी. ओडिसिअसचा म्हातारा कुत्रा आर्गोस वीस वर्षांनी धन्याला ओळखतो, शेपूट हलवतो आणि मरतो, ती जागा मी आजवर एकदाही सरळ आवाजात वाचू शकलेले नाही. तिथे आवाज कापला तर कापू द्यावा.

देवांच्या प्रकरणांचे उत्तर ग्रीकांनीच देऊन ठेवले आहे. झ्यूसचे वागणे मुलांना खटकले तर त्यांना सांगावे, की ते इ.स.पू. सहाव्या शतकातल्या झेनोफानीस या कवीलाही खटकले होते. माणसांत जे लाजिरवाणे मानले जाते ते सगळे, चोरी, व्यभिचार, फसवणूक, होमर आणि हेसिओड या कवींनी देवांच्या माथी मारले, असे त्याने लिहिले. बैलांना आणि घोड्यांना हात असते तर त्यांनी आपल्यासारखेच देव रंगवले असते, हेही त्याचेच म्हणणे. दहाव्या वर्षी इतके पुरते, की या गोष्टींच्या अनेक आवृत्त्या होत्या, गावागणिक वेगळ्या होत्या, आणि आपण त्यातली एक ऐकतो आहोत. ते देव खरे होते का, असे मूल विचारील. हजार वर्षांहून अधिक काळ माणसांनी त्यांची देवळे बांधली, नवस बोलले, जत्रा भरवल्या, इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन सम्राटाने ती पूजा बंद केली, हे सांगावे आणि श्रद्धेची थट्टा होऊ देऊ नये.

पुराण आणि इतिहास यांतली रेघ दाखवायला चार मीटर सुतळी घ्यावी. एका वर्षाला एक मिलिमीटर, म्हणजे चार मीटरमध्ये चार हजार वर्षे. एक टोक आज, दुसरे टोक क्रीट बेटावर मोठे वाडे उभे राहिले त्या काळाच्या आसपास. रंगीत दोऱ्यांनी गाठी माराव्यात : शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक आजच्या टोकापासून सुमारे 35 सेंटिमीटरवर येतो, अथेन्सच्या पार्थेनॉन या देवळाचे बांधकाम सुरू झाले ते इ.स.पू. 447 हे वर्ष सुमारे अडीच मीटरवर. आता ग्रीसच्या मुख्य भूमीवरील मायसीनी येथील वाडे कोसळले तो काळ, म्हणजे इ.स.पू. 1200 च्या आसपासची गाठ मारावी, आणि होमरची काव्ये आकाराला आली त्या इ.स.पू. आठव्या शतकाची दुसरी. दोन गाठींत सुमारे 45 सेंटिमीटर अंतर पडते. ट्रॉयचे युद्ध झाले असेल तर ते ज्या काळात झाले, त्या काळापासून होमर इतका दूर होता, जितके आपण शिवाजी महाराजांपासूनही नाही. हे बोटांनी मोजल्यावर इलियडमध्ये किती खरे आणि किती रचलेले, हा प्रश्न मूल स्वतः विचारते.

त्या मधल्या अंधाऱ्या 45 सेंटिमीटरच्या पलीकडचे आपल्याला कसे कळते, ही गोष्ट मला सर्वांत प्रिय आहे. आर्थर इव्हान्स यांनी 1900 साली क्रीटवर नॉसस येथे खोदायला सुरुवात केली आणि त्यांना मातीच्या पाट्या सापडल्या. कच्च्या मातीवर हिशेब कोरून ठेवलेले, वर्षभरात पुसून टाकायचे. पण वाड्याला आग लागली, पाट्या भाजल्या गेल्या आणि टिकल्या. ज्या आगीने वाडा नेला तिनेच त्याची वही राखली. ती लिपी कोणालाच वाचता येईना. 1936 साली लंडनमध्ये चौदा वर्षांचा मायकेल व्हेंट्रिस शाळेच्या सहलीतून प्रदर्शन पाहायला गेला, तिथे त्याला खुद्द म्हातारे इव्हान्स भेटले, आणि या पाट्या अजून कोणी वाचलेल्या नाहीत हे ऐकून त्या मुलाने ते मनावर घेतले. अमेरिकेत अ‍ॅलिस कोबर या प्राध्यापिका रोजची शिकवणी सांभाळून, युद्धकाळात कागद मिळत नाही म्हणून मिळेल त्या कपट्यांच्या चिठ्ठ्या कापून, कोणते चिन्ह कोणत्या चिन्हाशेजारी येते याची नोंद करत राहिल्या आणि 1950 साली वारल्या. त्यांनी दाखवलेल्या वाटेवरून पुढे जाऊन व्हेंट्रिस यांनी 1952 साली ती लिपी उलगडली. व्यवसायाने ते वास्तुविशारद होते. आत निघाले ते मेंढ्यांचे, लोकरीचे, तेलाचे आणि रथांच्या चाकांचे हिशेब, आणि भाषा ग्रीक. त्यात देवांना दिलेल्या वस्तूंच्या याद्याही आहेत आणि झ्यूस व पोसायडन ही नावे आहेत. आपल्या मुलांना जी नावे पाठ आहेत ती सव्वातीन हजार वर्षांपूर्वी एका कारकुनाने ओल्या मातीवर टोचून लिहिली होती. देव खरे की खोटे याला या पाटीने उत्तर मिळत नाही. लोक त्यांना खरेच तेल वाहत होते, हे मात्र तिच्यावरून सिद्ध होते.

इतिहासाकडे वळल्यावर सगळा ग्रीस एका दमात सांगू नये. तेरा वर्षांच्या मुलाला एकच माणूस द्यावा आणि त्याच्या पाठीमागून अथेन्स दाखवावे. मी थेमिस्टोक्लीस हा अथेन्सचा पुढारी निवडते. इ.स.पू. 483 च्या सुमारास अथेन्सच्या ताब्यातल्या लॉरिऑनच्या खाणीत चांदीचा नवा साठा लागला. तो पैसा नागरिकांत वाटून टाकावा असे ठरत होते. थेमिस्टोक्लीसने सभेला पटवले की त्याची जहाजे बांधावीत. इ.स.पू. 480 साली इराणचा सम्राट झर्क्सीस आला, अथेन्स रिकामे झाले आणि जाळले गेले, आणि सालामिसच्या चिंचोळ्या खाडीत त्याच जहाजांनी इराणी आरमार मोडले. सम्राटाला त्या खाडीत ओढण्यासाठी थेमिस्टोक्लीसने खोटा निरोप पाठवला, तो आपल्या मुलांना सांभाळणाऱ्या सिकिनस नावाच्या दासाकरवी, असे हेरोडोटस लिहितो. वल्ही मारणारे बरेचसे गरीब नागरिक होते, आणि ज्यांनी आरमार तारले त्यांचे सभेतले वजन पुढे वाढले. चांदी खणणारे मात्र गुलाम होते आणि त्यांना मत नव्हते. मग काही वर्षांतच अथेन्सच्या लोकांनी याच थेमिस्टोक्लीसला दहा वर्षांसाठी हद्दपार केले, आणि त्याचा शेवट इराणच्या बादशहाच्या आश्रयाला झाला.

हद्दपारीचे ते मतदान खापऱ्यांवर होत असे. जो माणूस शहराला डोईजड झाला असे वाटते त्याचे नाव फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर कोरून टाकायचे. किमान 6,000 मते पडली की ज्याच्या नावाच्या खापऱ्या सर्वाधिक, त्याने दहा दिवसांत निघायचे. अरिस्टायडीस या प्रामाणिक पुढाऱ्याची गोष्ट मुलांना फार आवडते : एका अक्षरशून्य खेडुताने त्याला न ओळखता त्याच्याच हाती खापरी देऊन, यावर अरिस्टायडीस लिहा, असे सांगितले, त्याने तुझे काय बिघडवले, असे विचारल्यावर तो म्हणाला, काही नाही, पण जो तो त्याला न्यायी न्यायी म्हणतो ते ऐकून कंटाळलो, आणि अरिस्टायडीसने स्वतःचे नाव लिहून दिले. कशावरून? ही हकिकत सांगणारा चरित्रकार प्लूटार्क पाचशे वर्षांहून नंतरचा आहे, तेव्हा तिच्यावर जपूनच विश्वास ठेवावा. पण अरिस्टायडीसचे नाव कोरलेल्या खापऱ्या अथेन्सच्या बाजारचौकात खरोखर सापडल्या आहेत. आणि अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या उतारावरच्या एका विहिरीत 190 खापऱ्या मिळाल्या, सगळ्यांवर थेमिस्टोक्लीसचे नाव, पण अक्षर अवघ्या चौदा हातांचे.

उन्हाळ्यात घरात एखादा माठ फुटतोच. त्याचे तुकडे आणि दोन खिळे मुलांपुढे ठेवावेत. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते : मुलांना एकमेकांच्या नावाने मतदान करायला लावू नये. मी पहिल्या वर्षी एका शाळेत तसे केले, सत्तावीस खापऱ्यांपैकी एकोणीसवर एकाच मुलाचे नाव निघाले, आणि तो मुलगा पुढच्या वर्गाला आला नाही. तेव्हापासून आम्ही इलियडमधल्या पात्रांची नावे कोरतो, आणि मी गुपचूप एकाच अक्षरातल्या आठ-दहा खापऱ्या ढिगात मिसळून ठेवते. मुले तुकडे पालथे घालतात, 'अ' ची गोलाई कुठे कशी वळली आहे ते पाहतात, आणि कोणीतरी ओरडते, 'बाई, हे सगळे एकानेच लिहिले आहे!' विहिरीतल्या 190 खापऱ्यांची गोष्ट त्यानंतर सांगावी, आधी नाही.

मुलीला तिच्या वयाच्या मुली भेटवाव्यात, कारण पुस्तकांत त्या भेटत नाहीत. अथेन्समध्ये स्त्रियांना मत नव्हते आणि बहुतेक मुली घरातच वाढत. पण अथेन्सजवळ ब्राउरॉन येथे आर्टेमिस देवीच्या स्थानी काही लहान मुली सेवेसाठी राहत, आणि त्यांना 'अस्वली' म्हणत. तिथे मिळालेल्या छोट्या मातीच्या भांड्यांवर धावणाऱ्या मुली रंगवलेल्या आहेत. ग्रीक मुली पाच खड्यांचा एक खेळ खेळत, खडे उडवून हाताच्या पालथ्या बाजूवर झेलायचे. सागरगोटे खेळणाऱ्या मुलीला तो निराळा समजावून द्यावा लागत नाही.

महाराष्ट्राशी असलेले धागे खरे आहेत, पण ते ताणू नयेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातले अनेक खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी दान दिले, असे त्या खांबांवर ब्राह्मीत कोरलेले आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत सतरा क्रमांकाचे लेणे उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने खोदवले. 'यवन' हा शब्द आयोनियावरून, म्हणजे आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या ग्रीक प्रदेशाच्या नावावरून आला, आणि पुढे त्याचा अर्थ बदलत बदलत पश्चिमेकडून आलेला कोणीही असा झाला. मग कार्ल्याचे यवन ग्रीक होते का? त्यांची नावे तर भारतीय आहेत. मुलांना खांबासमोर उभे करून हा प्रश्न विचारावा आणि उत्तर देण्याची घाई करू नये. कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरीला सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे, ती रोमन काळात समुद्रमार्गे आलेली. देवांची नावे पाठ असलेल्या मुलांनी ती पाहायलाच हवी. झ्यूस म्हणजे इंद्र, अकिलीस म्हणजे कर्ण, अशा जोड्या मुले आपणहून लावतात, लावू द्याव्यात. झ्यूस आणि वेदातला द्यौः ही नावे खरोखर एकाच मुळातली आहेत. पण जोडी लावल्यावर दोघांत वेगळे काय, हेही विचारले पाहिजे, नाहीतर मुले ग्रीसमध्ये फक्त स्वतःलाच पाहून परत येतात.

आणि ग्रीस संपलेला नाही, हे अवश्य सांगावे. तिथली मुले आजही आल्फा, बीटा, गॅमा याच अक्षरांनी शाळा सुरू करतात, आपल्या देशाला 'एलादा' म्हणतात, आणि होकारासाठी 'ने' म्हणतात, जे मराठी कानाला नकारासारखे वाटते. बायझंटाइन साम्राज्याची हजार वर्षे, मग तुर्की सत्तेची सुमारे चारशे, 1821 मध्ये सुरू झालेला स्वातंत्र्यलढा, 1896 चे अथेन्समधले ऑलिम्पिक आणि त्यात मॅरेथॉन जिंकणारा स्पिरिडॉन लुइस, एवढ्या गाठी सुतळीच्या आजच्या टोकाकडे मारल्या तरी मुलांना पुरे. मॅरेथॉनच्या लढाईची बातमी घेऊन अथेन्सला धावत येऊन प्राण सोडणारा दूत हेरोडोटसला माहीत नाही. त्याचा फिलिप्पिडीस धावतो तो अथेन्सहून स्पार्टाला, सुमारे 240 किलोमीटर, मदत मागायला.

शेवटी एक प्रयोग सांगते, तो येत्या मे महिन्यात दोघांकडून करून घ्यावा. इ.स.पू. तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख एराटोस्थेनिस याला कळले होते, की दक्षिणेला सायीनी येथे वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सावली पडत नाही. त्याच वेळी अलेक्झांड्रियात सावलीचा कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका भरला. दोन शहरांतले अंतर 5,000 स्टेडिया (अंतराचे ग्रीक माप) मानले, म्हणून पृथ्वीचा घेर त्याच्या पन्नास पट, 2,50,000 स्टेडिया. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे प्रत्येक गावात येतो. कोल्हापुरात तो 6-7 मेच्या सुमारास असतो, आणि कोल्हापूर व धुळे जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास कोल्हापुरात कोणा नातलगाला उभ्या काठीची सावली नाहीशी होताना पाहायला सांगावे, आणि आपण धुळ्यात आहात त्याअर्थी मुलांनी अंगणात एक मीटरच्या काठीची सावली त्याच वेळी मोजावी. ती सुमारे सात सेंटिमीटर भरेल, कोन सुमारे चार अंशांहून किंचित जास्त येईल, आणि दोन्ही गावांतले सरळ उत्तर-दक्षिण अंतर सुमारे 465 किलोमीटर आहे. 360 भागिले तो कोन, गुणिले अंतर, हे गणित मुलगा करील. सावलीच्या टोकावर खडूने खूण करायचे काम मुलीकडे द्यावे. साडेबाराच्या आधी दहा मिनिटांपासून दर दोन मिनिटांनी खूण करावी, म्हणजे सर्वांत आखूड सावली हातची जाणार नाही, आणि काठी सरळ उभी आहे ना, ते गवंड्याच्या ओळंब्याने आधी तपासून घ्यावे.